पहिला रीफ टँक: संप की मागचा कप्पा, एलईडी की टी५?

गोड्या पाण्याचा टँक दोन-चार वर्षं नीट सांभाळल्यावर रीफ टँककडे, म्हणजे प्रवाळांच्या समुद्री टँककडे, वळणाऱ्याला दोन वस्तूंवर बराच पैसा घालावा लागतो: फिल्टर (टँकखालच्या दुसऱ्या टँकात, म्हणजे संपात, की टँकमागच्या कप्प्यात?) आणि दिवा (एलईडी की टी५ म्हणजे बारीक ट्यूब?). बहुतेक जण या दोन्हींचा विचार सुटा सुटा करतात. आधी फिल्टर ठरतो आणि उरलेल्या पैशांत जो बसेल तो दिवा येतो, किंवा याच्या नेमकं उलट होतं. माझ्या मते ही जोडी एकाच बैठकीत ठरवायला हवी. एका मर्यादेपर्यंत उजेड जितका तीव्र, तितकी टँकमध्ये प्रकाशावर जगणाऱ्या प्रत्येक जिवाची वाढ जोमाने होते. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट साठलेलं असेल तर त्या उजेडाचा पहिला फायदा शेवाळ उचलतं, प्रवाळ नाही. फिल्टर भक्कम पण दिवा मिणमिणता असेल, तर पाणी नितळ दिसतं आणि प्रवाळ उपाशी राहतं.

तुलनेसाठी एक टँक डोळ्यांसमोर धरू: २ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरला तर सुमारे १२७ लिटर. दगड-वाळू घातल्यावर प्रत्यक्ष पाणी ११० लिटरच्या आसपास. फ्लॅटमध्ये मावतो आणि एकाच दिव्यात भागतो. याहून बराच लहान टँक स्वस्त पडतो खरा, पण त्यात पाण्याचे गुण इतक्या झपाट्याने बदलतात की नवख्याला सावरायला वेळच मिळत नाही.

पाळायचं काय, ते आधी

भारतात राहणाऱ्याचा दिव्याचा निम्मा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारे सगळे कठीण प्रवाळ येतात. परदेशी व्हिडिओंत दिसणारे अॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, युफिलिया हे सगळे त्यातच. समुद्री पंखे, काळं प्रवाळ, फायर कोरल आणि समुद्रघोडेही याच कायद्याने संरक्षित आहेत. कोणी ‘इम्पोर्टेड आहे, चालतं’ म्हणून देऊ केलं तरी घेऊ नका. मालवणच्या समुद्रातून प्रवाळाचा तुकडा किंवा जिवंत दगड (ज्यावर जिवाणू वसलेले असतात तो समुद्रातला दगड) उचलून आणणं तर मुळीच नको. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर उरलेलं प्रवाळ आधीच थोडं आहे.

मग राहतात ते मऊ प्रवाळ, म्हणजे सॉफ्टी: मशरूम, झोआन्थिड (सगळे ‘झोआ’च म्हणतात), लेदर, झेनिया. नवख्यासाठी योग्य निवडही हीच. प्रवाळाला लागणारा उजेड ‘पार’ या मापात मोजतात, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश किती पोचतो ते. सॉफ्टींना साधारण ५० ते १५० पार पुरतो. अॅक्रोपोरासारख्यांना २०० ते ३५० लागतो. ज्याला अॅक्रोपोरा पाळायचंच नाही, त्याने त्याच्या हिशोबाचा दिवा कशाला घ्यायचा?

(झोआ हाताळताना हातमोजे घाला. काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. झोआ चिकटलेला दगड कधीही उकळू नका.)

फिल्टर: खरं काम दगड करतो

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू सच्छिद्र दगडावर राहतात. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टँक चालवण्याची पद्धत मांडली. पुढे जर्मनीत तिला प्रोटीन स्किमरची, म्हणजे फेसाने मळ बाहेर काढणाऱ्या यंत्राची, जोड मिळाली आणि ‘बर्लिन पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. आजही घरगुती रीफ टँक बहुतांशी याच पायावर उभा असतो. आपण समुद्रातला दगड न घेता कोरडा किंवा सिरॅमिकचा दगड घ्यायचा, त्यावर बाटलीतले जिवाणू सोडायचे आणि चार ते सहा आठवडे थांबायचं. म्हणजे ‘कोणता फिल्टर’ हा प्रश्न खरं तर असा आहे: दगडाला जोड कशाची द्यायची, आणि पाणी त्या जोडीपर्यंत न्यायचं कसं?

कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) अनेकांच्या घरी आधीपासून असतो, म्हणून तोच वापरायचा मोह होतो. समुद्री टँकवर मी त्याला मुख्य फिल्टर म्हणून पसंती देत नाही. स्पंजात अडकलेला मळ आत सडत राहतो आणि नायट्रेट चढत जातं. दर आठवड्याला उघडून धुणार असाल तरच तो उपयोगाचा. त्यात तो बंद डबा. दोन-तीन तास वीज गेली की आतला ऑक्सिजन संपतो, पाणी कुजतं आणि वीज आल्यावर तेच पाणी टँकमध्ये येतं. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत ही वेळ वारंवार येते.

काचेवर मागे अडकवायचा स्किमर हा जुन्या, भोक न पाडलेल्या टँकवाल्यांचा पर्याय आहे. काम करतो. पण आवाज करतो, बाहेर डोकावतो आणि कप भरून वाहिला तर पाणी थेट फरशीवर येतं. तात्पुरता म्हणून ठीक.

खरी लढत मागच्या कप्प्याचा टँक आणि संप यांच्यात आहे.

मागच्या कप्प्याच्या टँकला दुकानात ‘ऑल-इन-वन’ म्हणतात. टँकच्या मागच्या भिंतीआड तीन-चार इंचांची पट्टी असते; पाणी वरच्या जाळीतून तिथे उतरतं, स्पंज, कार्बन, छोटा स्किमर असं फिरतं आणि पंपाने परत येतं. पाइप नाहीत, टँकखाली काही नाही, गळतीची धास्ती जवळजवळ नाही. घर भाड्याचं असेल आणि दर ११ महिन्यांनी बिऱ्हाड हलवायची शक्यता असेल, तर हाच घ्या. अडचण जागेची. त्या अरुंद पट्टीत बसणारे स्किमर छोटे असतात. शिवाय बाष्पीभवनाने कमी होणारं सगळं पाणी शेवटच्या कप्प्यात कमी झालेलं दिसतं. दोन दिवस टॉप-अप (उडालेलं पाणी भरून काढणं) राहिला की पंप हवा ओढायला लागतो.

संप म्हणजे टँकच्या खाली, स्टँडमध्ये ठेवलेला दुसरा टँक. पाणी ओव्हरफ्लोने (वरचं जादा पाणी वाहून जायच्या वाटेने) खाली उतरतं आणि रिटर्न पंपाने वर जातं. आपल्या टँकखाली ४० लिटरचा संप ठेवला तर एकूण पाणी एकदम तिसऱ्या हिश्शाने वाढतं. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. जास्त पाणी म्हणजे चुकीला जास्त माफी. पुरेसा मोठा स्किमर, हीटर, कार्बन, पुढेमागे नायट्रेट-फॉस्फेट शोषणाऱ्या चेटो शेवाळासाठी एक कप्पा, सगळं खाली लपतं. घर स्वतःचं असेल आणि टँक नव्याने बनवून घेणार असाल, तर माझा कौल संपला.

पण संप नीट बांधला नाही तर वीज जाईल त्या रात्री दिवाणखान्यात खारं पाणी असेल. आपल्या टँकची लांबी-रुंदी धरली तर पातळीच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे सुमारे पावणेतीन लिटर पाणी असतं. रिटर्न पाइपचं तोंड पाण्याखाली ४ सेंटिमीटर असेल, तर पंप थांबताच सायफन सुरू होतो आणि ११ लिटर पाणी खाली येतं, पाइपातलं वेगळं. संपात तेवढी मोकळी जागा हवी. म्हणून तोंड एक-दीड सेंटिमीटरच बुडवा. टँकमध्ये मीठ घालण्याआधी, नुसत्या पाण्यावर, पंपाचा प्लग काढून बघा. पाणी उतरायचं थांबलं की संपाच्या काचेवर मार्करने रेघ मारा आणि चालू पातळीचीही दुसरी रेघ मारा. पुढे कधीही टॉप-अप करताना चालू पातळीच्या रेघेवर जाऊ नका.

ओव्हरफ्लोसाठी काचेला भोक पाडून घ्या, आणि तेही टँकवाल्याकडूनच. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटते. काचेवर टांगायचा सायफन ओव्हरफ्लो स्वस्त दिसतो, पण वीज आल्यावर त्याचा सायफन परत धरला नाही तर रिटर्न पंप संपातलं पाणी वर ढकलत राहतो आणि ते टँकच्या काठावरून सांडतं. जिथे दिवे जातात-येतात तिथे हा प्रकार नकोच.

स्किमरबद्दल थोडं. खाऱ्या पाण्यात अगदी बारीक बुडबुडे तयार होतात. प्रथिनं आणि स्निग्ध मळ त्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वरच्या कपात जमा होतात. नीट लागलेल्या स्किमरचा कप दोन-तीन दिवसांनी काढा: तळाशी कोऱ्या चहाच्या रंगाचं, उग्र वासाचं पाणी, आणि कपाच्या नळीला आतून हिरवट-तपकिरी चिकट थर. हा थर पुसला नाही तर फेस वर चढत नाही. ही सगळी घाण कुजून नायट्रेट होण्याआधीच पाण्याबाहेर पडते, ही त्याची किंमत. दोन क्लाउनफिश आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलणं एवढ्यावर आपला टँक स्किमरशिवायही चालेल. पण आठवडा चुकणार असेल तर स्किमर हवाच.

उलट बाजूची चूकही सांगायला हवी. मोठा स्किमर, फॉस्फेट शोषणारं माध्यम, चेटो, हे सगळं एकदम लावून नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणलं म्हणजे टँक जिंकला असं नाही. अशा उपाशी पाण्यात डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव डोकं वर काढतात: तपकिरी, चिकट धागे आणि त्यांत अडकलेले हवेचे थेंब. ते घालवणं साध्या शेवाळापेक्षा कितीतरी अवघड. नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असेल तर सॉफ्टी खुशीत असतात.

आणि पाणी. घरातला पिण्याचा आरओ पुरेल असं समजू नका. त्यातल्या बहुतेक यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळलेली असतात. टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर ०, फार तर २-३ दाखवेल असं आरओ-डीआय पाणी, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढलेलं पाणी, हवं. ते नसेल तर फिल्टर आणि दिव्याची वरची सगळी चर्चा वाया गेली.

दिवा

मेटल हॅलाइड या जुन्या प्रकारच्या दिव्याचा विचार सोडून द्या. पाण्यात त्याच्यासारखी नाचती किरणं दुसरा दिवा क्वचितच देतो, हे मान्य. पण १५० वॉटचा एक दिवा रोज ८ तास म्हणजे महिन्याला ३६ युनिट, आणि मे महिन्यात वरून शेगडी पेटवल्यासारखी उष्णता.

टी५ ट्यूब मला मनापासून आवडतात. चार ट्यूब शेजारी शेजारी असल्या की उजेड सगळीकडून येतो, दगडाच्या कुशीतही सावली फार गडद पडत नाही, आणि नवख्याने काही सेटिंग बिघडवायचा प्रश्नच नाही. आपल्या टँकसाठी २ फुटांच्या, २४ वॉटच्या चार ट्यूब म्हणजे ९६ वॉट, महिन्याला २३ युनिट. गोची ट्यूबांची आहे. त्या दिसायला चालू असतात, पण ९ ते १२ महिन्यांत त्यांचा उपयोगी प्रकाश घटतो आणि रंग सरकतो. मग सगळ्या बदलायच्या. रीफच्या निळ्या ट्यूब आपल्याकडे शहरागणिक मिळतीलच असं नाही. पुरवठ्याची खात्री नसेल तर टी५ च्या नादी लागू नका.

म्हणून बहुतेकांसाठी एलईडी. ९० वॉटचा एक दिवा आपल्या टँकवर निम्म्या ताकदीने चालतो, महिन्याला ११-१२ युनिट, आणि काही वर्षं बदलायची गरज नाही. एलईडीतही दोन जाती. काळ्या डब्याचे चिनी दिवे स्वस्त, दोन बटणांचे: एक निळं, एक पांढरं. सॉफ्टींसाठी ते पुरेसे आहेत, हे मी बिनधास्त सांगतो. केसिल, एआय यांसारख्या कंपन्यांच्या महागड्या दिव्यांत रंग नीट मिसळतात, सकाळ-संध्याकाळचा उजेड आपोआप चढतो-उतरतो, पंखा शांत असतो. दिवाणखान्यात बसून रोज बघणार असाल तर हा फरक जाणवतो. प्रवाळाला तितकासा नाही.

निळं बटण वर, पांढरं खाली ठेवा. समुद्रात तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो आणि प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं मुख्यतः निळ्यावर काम करतात. उजेड बरोबर आहे का हे प्रवाळच सांगतं. झोआचे देठ उंच ताणले गेले, फुलं दिव्याकडे मान वर करून एकमेकांपासून दूर झाली, तर उजेड कमी. मशरूम आक्रसून, कडा आत वळवून फिकट पडलं, तर जास्त. मोबाइलच्या अॅपवर निळ्या उजेडाचं माप विश्वासार्ह येत नाही. शहरात कोणा रीफवाल्याकडे पार मीटर असेल तर एक संध्याकाळ मागून आणा.

उन्हाळा

टँक २५-२६ अंशांवर राहावा. कोकणपट्टीत मे महिन्यात बंद घरातलं पाणी सहज ३० च्या वर जातं. पाण्यावर फुंकणारा पंखा पुण्या-नागपुरात कोरड्या हवेमुळे दोन-तीन अंश उतरवतो. मुंबईत दमटपणामुळे तितकं जमत नाही, तिथे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) किंवा एसीचा हिशोब आधीच धरा. चिलर जोडायला संपात जागा असते, मागच्या कप्प्यात ओढाताण होते. मुंबईकराने संपाकडे झुकायचं हे आणखी एक कारण. एलईडी की टी५ हा निर्णयही मुंबईत उष्णतेवरच सुटतो.

पैसे एकदम उभे राहत नसतील तर क्रम असा ठेवा: टँक, संप, दगड, स्किमर आणि आरओ-डीआय आधी. पहिले चार ते सहा आठवडे जिवाणू बसत असताना दिवा लागतच नाही. अंधारच बरा, शेवाळाला संधी मिळत नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, पहिले मासे रुळले, की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिवा घ्या. तो आला की ३० टक्क्यांवर, दिवसाला ६ तासांनी सुरुवात करा आणि तीन-चार आठवड्यांत ८ तासांपर्यंत, ५०-६० टक्क्यांपर्यंत न्या. पहिलं मशरूम तळाशी वाळूवर ठेवा, वरच्या दगडावर नको.