एक निबंध, तीन बैठका : सात महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या एसीटी या परीक्षेत लेखनाचा एक ऐच्छिक भाग असतो. 40 मिनिटांत एकच निबंध लिहायचा असतो. प्रश्नपत्रिकेत एक वादाचा विषय आणि त्यावरची तीन मते दिलेली असतात. आपण स्वतःची भूमिका ठरवायची, तिचे समर्थन करायचे आणि दिलेल्या मतांपैकी निदान एकाशी तिचे नाते काय आहे ते उलगडून दाखवायचे. पहिल्या प्रयत्नात मला 12 पैकी 7 गुण मिळाले. त्यानंतर सात महिने मी सरावाची एकच पद्धत वापरली आणि दुसऱ्या प्रयत्नात 9 गुण मिळाले. त्या सात महिन्यांत मी एकूण 19 निबंध लिहिले. हा आकडा मुद्दाम सांगते, कारण पहिल्या परीक्षेआधीच्या तीन महिन्यांत मी 40 हून अधिक निबंध लिहिले होते आणि त्यांतला शेवटचा निबंध पहिल्यापेक्षा फारसा बरा नव्हता.

पद्धत अशी आहे. पहिल्या बैठकीत घड्याळ लावून, परीक्षेत चालते तशीच साधी पेन्सिल घेऊन, रेघी कागदावर 40 मिनिटांत निबंध लिहायचा आणि वही मिटून ठेवायची. दुसरी बैठक मधला एक पूर्ण दिवस सोडून घ्यायची. या बैठकीत काहीही दुरुस्त करायचे नाही. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात फक्त एवढेच लिहायचे की हा परिच्छेद कोणते काम करतो. ही नोंद एका ओळीत बसली पाहिजे. तिसऱ्या बैठकीत त्या निबंधातला सर्वांत दुबळा असा एकच परिच्छेद निवडून तो नऊ मिनिटांत नव्याने लिहायचा. संपूर्ण निबंध पुन्हा लिहायचा नाही. तसे केले की हात सजावटीकडे वळतो, शब्द बदलले जातात आणि चूक मात्र जागच्या जागी राहते. हे मी पहिल्या दोन निबंधांवर करून पाहिले आहे.

याआधी माझा भर लांबीवर होता आणि त्याला कारणही होते. एसएटी या दुसऱ्या प्रवेश परीक्षेत 2005 पासून 25 मिनिटांचा निबंध असे. त्या वर्षी अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात लेखन शिकवणारे लेस पेरेलमन यांनी उपलब्ध नमुना निबंध तपासून दाखवून दिले होते की निबंध जितका लांब, तितके गुण जास्त, असे नाते त्यांत ठळकपणे दिसते. ही माहिती वाचून मी पाने भरण्याच्या मागे लागले. पण एसएटीचा तो 25 मिनिटांचा निबंध 2016 च्या सुरुवातीला बंद झाला, आणि एसीटीच्या आजच्या गुणदानात चार स्वतंत्र निकष आहेत : विचार आणि विश्लेषण, मुद्द्यांचा विस्तार आणि आधार, मांडणी, आणि भाषेचा वापर. दोन परीक्षक प्रत्येक निकषाला 1 ते 6 गुण देतात, त्यांची बेरीज होते आणि चारही बेरजांची सरासरी हा अंतिम गुण ठरतो. माझे पहिले गुण अनुक्रमे 6, 6, 7 आणि 8 होते. म्हणजे माझी भाषा माझ्या विचारापेक्षा दोन पावले पुढे होती, आणि मी तरीही भाषेचाच सराव करत राहिले होते.

दुसऱ्या बैठकीचा खरा उपयोग मला ‘बुद्धिमान यंत्रे’ या विषयावरच्या निबंधाने कळला. हा एसीटीने स्वतःच नमुना म्हणून प्रसिद्ध केलेला प्रश्न आहे. त्यातले पहिले मत म्हणते की माणसांची जागा यंत्रांनी घेतली की आपण आपल्या माणुसकीचा काही भाग गमावतो. दुसरे म्हणते की ठरावीक आणि पुन्हा पुन्हा करायची कामे यंत्रे अधिक वेगाने आणि अचूक करतात, त्यातून सर्वांचीच भरभराट होते. तिसरे म्हणते की यंत्रांमुळे माणूस म्हणजे काय या आपल्या जुन्या कल्पनांना धक्का बसतो आणि तो स्वागतार्ह आहे. माझा निबंध लिहिताना मला उत्तम वाटला होता. दोन दिवसांनी समासात नोंदी केल्या त्या अशा उतरल्या : ‘यंत्रे वेगवान असतात’, ‘यंत्रे अचूकही असतात’, ‘पण माणुसकी कमी होते’, ‘म्हणून समतोल हवा’. चार ओळी एकाखाली एक वाचल्यावर लक्षात आले की मी कुठलीच बाजू घेतलेली नव्हती. समतोल हवा हे म्हणणे चुकीचे नाही. पण समतोल नेमका कुठे साधायचा हे न सांगितल्यास तो निर्णय पुढे ढकलल्यासारखा होतो. लिहिण्याच्या ओघात ही पोकळी वाक्यांच्या सफाईखाली झाकली गेली होती.

मधला पूर्ण दिवस आवश्यक आहे तो यासाठीच. त्याच संध्याकाळी वाचले तर आपल्याला काय म्हणायचे होते ते डोक्यात ताजे असते आणि डोळे कागदावर नसलेले वाक्यही वाचून घेतात. दोन दिवसांनी कागदावर जे आहे तेवढेच दिसते.

त्या निबंधाचा पहिला परिच्छेद तिसऱ्या बैठकीत नव्याने लिहायला मला खरे तर नऊ मिनिटे पुरली नाहीत, कारण परिच्छेदाआधी भूमिकाच नव्याने ठरवावी लागली. शेवटी ती अशी ठरली : जे काम चुकले तर पुन्हा करता येते ते यंत्राकडे सोपवावे, आणि ज्या कामातल्या चुकीची जबाबदारी कुणाला तरी स्वतःच्या नावावर घ्यावी लागते ते माणसाकडे राहावे. हे वाक्य सापडताच तिन्ही मते आपोआप जागेवर बसली. कारखान्यातल्या सांधकामात दुसरे मत खरे ठरते, कारण चुकलेला सांधा बाजूला काढता येतो. तक्रार नोंदवायला फोन केल्यावर केवळ ध्वनिमुद्रित आवाज ऐकू येतो तेव्हा पहिल्या मताचा अर्थ स्पष्ट होतो. तिथे सौजन्य हरवल्याचे दुःख असते, पण उत्तर द्यायला कुणीच बांधील नसल्याचे दुःख त्याहून मोठे असते. आणि तिसऱ्या मताने वर्णिलेल्या नव्या शक्यता तेव्हाच स्वीकारता येतात, जेव्हा त्यांच्या परिणामांचा धनी कोण हे आधी ठरलेले असते. भाषा तीच होती, उदाहरणेही जवळपास तीच होती. बदलला होता तो फक्त लिहिण्याआधीचा निर्णय.

यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक निबंधात समासाने हीच गोष्ट दाखवली. ज्या दोषांना मी भाषेचे दोष समजत होते, त्यांतले बहुतेक पहिल्या काही मिनिटांतल्या अर्धवट निर्णयाचे दोष होते. एखादा परिच्छेद रेंगाळतो, कारण त्याला दोन कामे दिलेली असतात. एखादे वाक्य तीन उपवाक्यांत गुरफटते, कारण लिहिणारीला अजून स्वतःचे मत ठरवायचे असते.

दिलेल्या मतांशी कसे भिडावे याबाबत मला सर्वाधिक मदत झाली ती आपल्या जुन्या वादपद्धतीची. पूर्वपक्ष, म्हणजे आपल्या विरुद्धचे मत, मांडताना तो असा मांडावा की तो मानणाऱ्यालाही तो आपलाच वाटावा, आणि मगच उत्तरपक्षाकडे, म्हणजे आपल्या उत्तराकडे, वळावे, ही शिस्त शास्त्रार्थाच्या परंपरेत मुरलेली आहे. मी मात्र विरुद्ध मत एका वाक्यात उरकून ‘पण हे बरोबर नाही’ असे लिहून मोकळी होत असे. आता मी विरुद्ध मताला निदान तीन वाक्ये देते आणि त्यांतले शेवटचे वाक्य त्या मताचे सर्वांत सबळ कारण सांगते. असे केल्याने आपली बाजू कमकुवत होईल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात खोडून काढायला ठोस काहीतरी मिळते आणि पुढचा परिच्छेद सोपा होतो. कोणते मत निवडले यावर गुण अवलंबून नसतात हेही इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या बाजूचा पूर्वपक्ष आपल्याला नीट पेलतो, ती बाजू घ्यावी.

दुसरी सुधारणा उदाहरणांची. स्टीफन टुलमिन या तत्त्वज्ञाने 1958 मध्ये युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यात दावा आणि आधार यांच्या जोडीला त्या दोहोंना सांधणाऱ्या दुव्याला स्वतंत्र स्थान आहे. माझ्या परिच्छेदांत दावा असे, आधार असे, दुवा नसे. ‘यंत्रे मोटारी वेगाने जोडतात, म्हणून समाज समृद्ध होतो’ या वाक्यात एक पायरी गाळलेली आहे : वाचलेला वेळ आणि पैसा सर्वांपर्यंत पोहोचतो हे गृहीत धरलेले आहे. ती पायरी लिहायला गेले की ती किती डळमळीत आहे हे दिसते, आणि अनेकदा तीच निबंधातली सर्वांत वाचनीय जागा ठरते. तिसऱ्या बैठकीत मी जे 19 परिच्छेद पुन्हा लिहिले, त्यांतल्या 11 परिच्छेदांत मला केवळ हा दुवा घालावा लागला.

आता अडचणींविषयी. दुसऱ्या महिन्यात माझे निबंध आधीपेक्षा वाईट झाले. निर्णयाचे महत्त्व पटल्यामुळे मी विचारालाच 15 मिनिटे देऊ लागले आणि शेवटचा परिच्छेद सतत अपुरा राहू लागला. बरेच प्रयोग केल्यावर आठ मिनिटे विचार, 27 मिनिटे लेखन आणि पाच मिनिटे वाचन ही विभागणी मला मानवली. त्या आठ मिनिटांत मी तीनच गोष्टी कागदावर उतरवते : माझी भूमिका एका पूर्ण वाक्यात, पूर्वपक्षाचे सर्वांत सबळ कारण, आणि दोन उदाहरणे. भूमिका तुटक शब्दांत न लिहिता क्रियापदासह पूर्ण वाक्यात लिहावी याचा मी आग्रह धरीन, कारण तुटक शब्दांत अनिर्णय सहज लपतो. या टिपणांना गुण नसतात, त्यामुळे त्यांच्या अक्षराची चिंता करू नये; निबंधाचे अक्षर मात्र वाचता आलेच पाहिजे, कारण न वाचता येणाऱ्या निबंधाला गुणच मिळत नाहीत.

स्वतःच स्वतःला गुण देणे ही या पद्धतीची सर्वांत कच्ची बाजू आहे. यावर उपाय म्हणून मी प्रसिद्ध झालेले नमुना निबंध वापरले. त्यांचे गुण आणि शेरे झाकून आधी आपण गुण द्यायचे आणि मग पडताळून पाहायचे. सुरुवातीला मी 4 च्या निबंधाला 5 देत असे, कारण तो सुबक वाचला जात असे. त्याच्या पूर्वपक्षाकडे मी पाहिलेलेच नसे. दर चौथा निबंध मी माझ्या शिक्षिकांना वाचायला देत असे आणि त्यांचे गुण माझ्यापेक्षा बहुधा एकाने कमी असत. मध्यंतरी आपोआप गुण देणारे एक साधनही दोन महिने वापरले. शंका आली म्हणून एकदा मधल्या तीन परिच्छेदांचा क्रम उलटा करून तोच निबंध पुन्हा दिला, तर गुण तेवढेच आले. मांडणीचा निकष ज्याला कळत नाही, त्याच्या आकड्यावर मी पुढे विसंबले नाही.

लेखनाचा वेग या पद्धतीने वाढत नाही, आणि व्याकरणाच्या सवयीच्या चुकाही तिने जात नाहीत; त्यांसाठी वेगळा सराव करावा लागतो. परीक्षेला तीन आठवडेच उरले असतील तर तीन बैठकांचा हा क्रम फार संथ वाटेल. तेव्हा केवळ समासातल्या नोंदी ठेवाव्यात आणि पुनर्लेखन सोडून द्यावे. शिवाय लेखनाचा हा गुण परीक्षेच्या एकत्रित गुणांत धरला जात नाही, त्यामुळे आपण अर्ज करणार असलेली महाविद्यालये तो मागतात का, हे सात महिने खर्च करण्याआधी पाहून घ्यावे.

दुसऱ्या प्रयत्नात माझे चार निकषांचे गुण 9, 9, 10 आणि 9 आले. विचार आणि विस्तार या दोन निकषांत तीन-तीन गुण वाढले, मांडणीतही तितकेच, आणि ज्या भाषेवर मी पूर्वी सगळा वेळ घालवत होते तिच्यात एक. शेवटचा परिच्छेद अजूनही माझ्या हातून घाईत लिहिला जातो. 19 व्या निबंधासमोर समासात त्या परिच्छेदाची नोंद ‘पहिलाच परिच्छेद, वेगळ्या शब्दांत’ अशी आहे, आणि तिसऱ्या बैठकीत पुन्हा लिहिण्यासाठी मी नेमका तोच निवडला होता.