काळा पत्थर की हिरवा तुकडा?

यवतमाळकडं आमच्या वावरात विहीर खोदली, तेव्हा मुरूम संपून काळा पत्थर लागला. सुरुंगानं उडालेली कपची भिंगाखाली धरली की फेल्डस्पार या खनिजाच्या बारीक काड्या चमकतात. (काकांचा प्रश्न एकच: पाणी कधी लागते?) हा बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. खंडाच्या कवचाखालचा खडकाचा जाड थर म्हणजे प्रावरण. त्याबद्दल विचारायचं तर साक्षीदार दोन: ते वितळून झालेला असा लाव्हा, नाहीतर कच्छात भुजजवळ लाव्ह्यासोबत न वितळता वर आलेले प्रावरणाचेच हिरवट तुकडे.

तुकडा म्हणजे अस्सल नमुना. ऑलिव्हिन, पायरॉक्सिन ही प्रावरणातली खनिजं तशीच्या तशी हाती येतात आणि त्यांच्यावरून तिथलं तापमानही काढता येतं. पण शितावरून भाताची परीक्षा इथं धोक्याची. प्रावरण जागोजागी वेगळं असतं.

लाव्ह्यात मोठ्या पट्ट्याचा अर्क उतरतो. भानगड अशी, की वर येताना तो जुनं कवच विरघळवत येतो. रुबिडियम-87 फार सावकाश स्ट्रॉन्शियम-87 बनतं. अर्धायुष्य सुमारे 4,900 कोटी वर्षं. जुन्या ग्रॅनाइटी कवचात रुबिडियम जास्त, म्हणून तिथं स्ट्रॉन्शियम-87 चं स्ट्रॉन्शियम-86 शी गुणोत्तर चढलेलं असतं. सह्याद्रीतल्या आंबेनळी नावाच्या लाव्हा थरांत ते 0.704 च्या आसपास, बुशे थरांत 0.713 च्या वर. म्हणजे आंबेनळीचा लाव्हा प्रावरणाची साक्ष देतो, बुशेचा बरंचसं कवचाचंच बोलतो.

तरी माझा कौल लाव्ह्याला. भेसळ मोजता येते. मूठभर तुकड्यांतून न आलेला प्रदेश कुठून मोजणार?