जुना ट्रॅक्टर घेऊन 14 महिने झाले, त्याचा हिशोब

2008 सालचा, 35 एचपीचा, तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर गेल्या वर्षी मे महिन्यात 2,35,000 ला घेतला. आमचं रान बार्शीकडं, नऊ एकर. सोयाबीन, तूर, थोडा कांदा. एवढ्यावर नव्याचे हप्ते फिटत नाहीत. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चार मालक फिरून आलेल्या यंत्राच्या दुखण्याला कंपनी काय करणार? घेताना दोन गोष्टी पाहिल्या: 15 वर्षांनंतरचं आरसीचं नूतनीकरण झालंय का, आणि बँकेचा बोजा उतरलाय का. इंजिनचा आवाज ऐकला, धूर बघितला. खालचे नटबोल्ट मात्र बघितले नाहीत, ते नडलं.

पहिल्याच आठवड्यात सकाळी एका सेल्फला चालू व्हायचा, बांधापर्यंत जायचा आणि घसा खाकरल्यासारखा करून बंद. ‘हवा घेतलीय’, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरलीय, हे गावातलं पोरगंही सांगेल. मग हवा काढायची. डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस, मग बुडबुडे, मग नुसतं डिझेल. धार स्वच्छ आली की ती चालू असतानाच स्क्रू आवळायचा. तेच पुढं मेन पंपावर, जो इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलना दाबानं डिझेल देतो. तरी नाही घेतला तर नोझलच्या पाइपांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा. इथं हात लांब ठेवा, त्या दाबाचं डिझेल कातडीत घुसतं.

आठ दिवस रोज हेच. एका मिस्त्रीनं पंप उतरवायला सांगितला, खर्च 12,000. दादा म्हणाले, “बैल दुखला तर वैरण सोडतो, कळतं तरी. ह्या लोखंडाचं काय कळायचं?” पैसे नव्हते म्हणून थांबलो, आणि तेच बरं झालं. एका संध्याकाळी चिंधीनं पुसताना टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाला येणाऱ्या पाइपाच्या बोल्टाखाली रुपयाएवढा डाग दिसला. थेंब नाही, नुसती ओली धूळ. बोल्ट काढला तर तांब्याच्या वॉशरच्या जागी सायकलच्या ट्यूबचा गोल कापून घातलेला. डिझेलनं फुगून लिबलिबीत झाला होता. गाडी बंद असताना तिथून डिझेल पाझरायचं आणि चालू झाली की पंप त्याच फटीतून हवा ओढायचा. दोन वॉशर 30 रुपयांना मिळाले. जुना तांब्याचा वॉशर लाल तापवून पाण्यात विझवला तर मऊ होऊन पुन्हा बसतो, हे नंतर कळलं. त्या दिवसापासून हवा घेतलेली नाही.

पुढं जिथं जिथं बिघडला तिथं तिथं असंच कुणाचं तरी ‘चालतंय की’ सापडलं. एअर क्लीनरच्या (इंजिनात जाणारी हवा तेलातून गाळणाऱ्या) वाटीत तेल कमी आणि चिखल जास्त होता. वाटी धुऊन खुणेपर्यंतच तेल भरलं (जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं), आणि काळा धूर निम्म्यानं उतरला. धुळीत काम असेल तर मी आता रोज वाटी उघडतो. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीत भुसा बसून पाणी तापायचं. समोरून धार मारली की भुसा आणखी आत बसतो; इंजिनच्या बाजूनं बाहेर, हलक्या धारेनं धुवावी.

क्लच प्लेट बदलली, पुढच्या एक्सलचे बुश घातले, बॅटरी नवी. सगळी दुरुस्ती धरून 41,000 गेले, त्यातले 14,500 एकट्या क्लचला. तासांचं मीटर बंदच आहे, म्हणून वहीत लिहितो: भाड्याची कामं धरून 410 तास. इंजिन ऑइल 250 तासांना बदललं.

पाच फुटी रोटाव्हेटर ओढतो, पण ओल्या काळ्या रानात पहिल्या गिअरच्या वर नाव काढू नका. नऊ एकराला पुरतो. ज्याला पाना हातात धरायचा कंटाळा आहे त्यानं मात्र भाड्यानंच नांगरून घ्यावं, खरंच.

लिफ्टचं दुखणं अजून राहिलंय. कल्टिव्हेटर उचलून गाडी बंद केली की अर्ध्या तासात तो जमिनीला टेकतो. आतले सील गेले असावेत. तूर निघाल्यावर उघडणार आहे. तोवर औजार खाली ठेवूनच किल्ली काढतो, आणि पोरांना त्याच्याखाली हात घालू देत नाही.