58 सीसीचा चेनसॉ: उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा अनुभव, आणि त्याचं गळणारं तेल

कापायला मशीन कसं आहे ते आधी उरकतो. 58 सीसी, 22 इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी), आठ हजारांच्या आसपासचं, फारसं नाव नसलेलं मॉडेल. बांधावरच्या बाभळी, वाळलेली सुबाभूळ, वादळात आडवी झालेली निलगिरी, सगळं कापून झालं. ताकदीला कमी नाही. वजन मात्र तासाभरात खांद्याला कळतं, आणि आवाज असा की कानात बोळे घातल्याशिवाय चालवू नये. उभं झाड तोडणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: साग, आंबा, चिंच, जांभूळ यांसारख्या झाडांना महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड कायद्यानं आधी परवानगी लागते, झाड स्वतःच्या रानातलं असलं तरी.

खरी कटकट काम संपल्यावर सुरू होते. मशीन कोपऱ्यात ठेवलं की सकाळी खाली तेल. आमचं कोरेगाव तालुक्यातलं गाव, एप्रिल-मेमध्ये पत्र्याची शेड दुपारी भट्टी होते, आणि त्याच शेडमध्ये आल्याच्या बेण्याची पोती. पोत्याखाली तेल गेलेलं घरात कुणाला चालेल? दुरुस्तीवाल्यानं मशीन न उघडताच "ऑइल पंप गेला, बदला" असं सांगितलं. मी बदलला नाही, आणि मशीन अजून त्याच पंपावर चालतंय.

पैसे घालण्याआधी गळतंय कुठून ते बघा. मशीन फडक्यानं कोरडं पुसा, सपाट जागी कोऱ्या पुठ्ठ्यावर रात्रभर ठेवा. डाग बारच्या टोकाखाली किंवा चेनच्या झाकणाखाली असेल, तर बहुतेक वेळा ती गळती नसतेच. बारच्या खाचेत आणि चेनच्या कड्यांत राहिलेलं तेल ओघळतं, तेवढंच. डाग चेनच्या तेलाच्या टाकीच्या (ती पेट्रोलच्या टाकीहून वेगळी) झाकणाखाली असेल तर झाकणाची रबरी ओ-रिंग बघा. तिथं भुशाचा एक कण अडकला तरी तेल झिरपतं. पातळ, पेट्रोलचा वास येणारा डाग असेल तर तो इंधनाच्या टाकीचा किंवा नळीचा, आणि ते मात्र ताबडतोब दुरुस्त करायचं काम आहे. सायलेन्सरकडून काळं चिकट येत असेल तर पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी ऑइल जास्त पडतंय. माझ्या मशीनच्या माहितीपत्रकात 25 ला 1 दिलंय, म्हणजे लिटरला 40 मिली. चांगल्या कंपन्यांच्या बऱ्याच मशीनला 50 ला 1, म्हणजे 20 मिली पुरतं. अंदाजानं बाटलीच्या बुचानं ओतणाऱ्यांना हा काळा ओघळ हमखास दिसणार.

आता उन्हाळ्यातच जास्त का गळतं? चेनच्या तेलाच्या टाकीला एक बारीक व्हॉल्व्ह असतो. तेल खर्च होईल तशी तो बाहेरची हवा आत घेतो, पण आतली बाहेर सोडत नाही. शेड तापली की टाकीतली हवा फुगते, बाहेर पडायला वाट नसल्यामुळे ती तेलाला पंपातून ढकलत बारवर आणते. मशीन बंद, तरी तेल चालू! म्हणून काम झालं की तेलाचं झाकण एकदा सैल करून दाब सोडायचा आणि परत घट्ट लावायचं. दोन-चार दिवस काम नसेल तर तेल सरळ डब्यात काढून ठेवायचं. टाकीच रिकामी असली की गळणार काय? माझा निम्म्याहून जास्त त्रास एवढ्यानंच गेला.

उरलेला गेला तो साफसफाईनं. चेनचं झाकण काढून आतला तेलकट भुसा टूथब्रशनं काढतो. बारची खाच पातळ पत्र्यानं खरवडतो, तेल येण्याचं भोक मोकळं करतो. हा भुसा वातीसारखा तेल ओढत राहतो आणि रात्रभर खाली सोडतो. ठेवताना चेन थोडी सैल करायची, कारण गरम असताना ताणलेली चेन गार झाल्यावर आखडते आणि बारवर, शाफ्टवर ताण येतो. मशीन आडवं टाकायचं नाही, त्याच्या बुडावरच सरळ ठेवायचं. खाली पत्र्याची परात आणि त्यात मूठभर कोरडा भुसा.

तेलाबद्दल थोडं भांडण करतो. आमच्याकडं बरेचजण चेनला ट्रॅक्टरचं जळकं ऑइल घालतात, फुकटचं म्हणून. त्यात धातूचा बारीक चुरा असतो, तो पंप आणि बार दोन्ही खातो, आणि त्याचे तुषार आपल्याच हातातोंडावर येतात. शिवाय ते पातळ, त्यामुळे जास्त ओघळतं. चेनचं चिकट तेल मिळालं तर उत्तमच, नाहीतर उन्हाळ्यात नवं 40 नंबरचं इंजिन ऑइल. तेल पोचतंय का हे बघायला बारचं टोक फिक्या लाकडासमोर धरून रेस द्यायची, लाकडावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेलाचीही जवळपास संपत आली पाहिजे. तेल तसंच राहत असेल तर गळती थांबल्याचा आनंद मानू नका, बहुतेक भोक तुंबलंय.

पावसाळ्यात मशीन महिना-दोन महिने बसूनच असतं. तेव्हा पेट्रोलही काढायचं आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते ओल धरतं आणि स्वस्त मशीनच्या रबरी नळ्या कडक करतं. चेनला तेलाचं बोट फिरवून बारवर कव्हर घातलं की गंज लागत नाही.

माझ्याकडं खराब निघालेली एकच वस्तू म्हणजे तेलाच्या झाकणाची ओ-रिंग, ती चेपटली होती. साताऱ्यात स्प्रेअर पंपाचे पार्ट ठेवणाऱ्या दुकानात किरकोळ पैशात मिळाली. जुनी सोबत न्या. पेट्रोलच्या आणि तेलाच्या झाकणाचं माप एकच असेल असं धरून चालू नका.