दादा पितो, मग आम्ही कुठे जायचं? केंद्रातली कुटुंबसभा की अल-अ‍ॅनॉन

घरात कोणी पीत असेल तर त्याला कुठे न्यायचं हे दहाजण सांगतात. घरच्यांनी कुठे जायचं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आई, वहिनी आणि मी दोन्ही वाटा चालून बघितल्या, म्हणून लिहितोय.

पहिली वाट व्यसनमुक्ती केंद्रातल्या कुटुंबसभेची. केंद्र घाटावर. पहाटेच्या एसटीने फोंडाघाट चढायचा, रात्री घरी. ते जाणं वाया गेलं असं म्हणणार नाही. रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडली तर आकडी येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं, त्याला डॉक्टरच लागतो, हे तिथे कळलं. त्याआधीच्या गणपतीत आम्ही दादाला दोन दिवस माजघरातल्या खोलीत कोंडलं होतं. आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

पण तिसऱ्या आठवड्यात दादा केंद्र सोडून घरी आला. पुढच्या सभेचं विचारायला वहिनीने फोन केला. "पेशंट आता आमच्याकडे नाही ना, मग तुम्ही कशाला येताय?" बोलणाऱ्याच्या आवाजात तुसडेपणा नव्हता, त्यांचा नियमच तसा असावा. वहिनी फोन हातात धरून पडवीत बसून राहिली, आत कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. तो परत प्यायला लागला आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा आधार गेला. माझ्यासाठी निवाडा तिथेच झाला.

सगळी केंद्रं अशी नसतात. पुण्याच्या, १९८६ पासून चालू असलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे. तुम्ही कुठेही दाखल करा, आधी एवढं विचाराच: पेशंट मधेच निघून गेला तर आम्ही यायचं की नाही?

दुसरी वाट अल-अ‍ॅनॉनची, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांनी एकत्र बसून बोलायच्या गटाची. ही संघटना १९५१ साली अमेरिकेत एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) सभासदांच्या बायकांनी उभी केली. पिणारा दाखल असो, पीत असो, सुधारलेला असो, घरच्यांना दार उघडं. फी नाही, ज्याला जमेल त्याने वर्गणी टाकावी. सल्ला मात्र कोणी देत नाही आणि सुरुवातीला ते खटकतं. आई म्हणालीच, "पिता तो, नि मीटिंगाक मी कित्याक जाव?" तीन मीटिंगा ती पदर तोंडाशी धरून गप्प बसली. चौथ्या वेळी बोलली: भाताच्या कणगीतल्या बाटल्या काढून परसात ओतायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याची उधारीही आपणच भागवायची. ऐकणाऱ्यांनी फक्त "धन्यवाद" म्हटलं. पुढच्या महिन्यात उधारीवाला पोरगा अंगणात आला, तेव्हा ज्याने प्यायली त्याच्याकडे माग, असं आईने त्याला सांगितलं.

अडचण आहे ती ओळखीची. आपल्याकडे एसटीत बसलं की कोण कुणाचा ते कळतं. पहिल्याच दिवशी वहिनीच्या माहेरची एक बाई समोर दिसली आणि वहिनी दारातून मागे फिरणार होती. त्याच बाई परतीच्या गाडीत आमच्या शेजारच्या सीटवर होत्या. ओळखही दाखवली नाही त्यांनी. तिथला निनावीपणा लोक खरंच पाळतात. तरी धास्ती वाटत असेल तर दुसऱ्या तालुक्याचा गट बघा. आम्ही कुठे जातो ते म्हणूनच लिहीत नाही.

दोन्ही जमत असेल तर दोन्ही करा, केंद्रातली वैद्यकीय माहिती गटात मिळत नाही. एकच जमणार असेल तर निदान आमच्यासारख्या घराने गटच धरावा असं मला वाटतं. दादा अजून पितो, आई आता रात्री जेवते. जवळपास गट नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री नंबर घरच्यांनीही लावावा.