तारीख आधी की नंबर? जुन्या गाड्यांच्या कागदांना नाव देताना

2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा कित्येक घरांतल्या कागदांचा लगदा झाला. आमच्या काकांची पत्र्याची ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. आत फियाटची पुस्तिका, गॅरेजची बिलं, आरसी बुक, फोटो. पाऊस सरल्यावर स्कॅन करायला बसलो आणि पहिल्याच दिवशी अडलो ते फाइलच्या नावाशी. तुम्हीही तिथेच अडला असाल, तर मी करून पाहिलेल्या दोन रीती सांगतो.

एक म्हणजे तारीख आधी: '1971-11-04_फियाट_बिल'. आयएसओ 8601 या आंतरराष्ट्रीय मानकाचा हा वर्ष-महिना-दिवस क्रम. आपल्या सवयीने 04-11-1971 लिहिलं, की 1975 चं 3 तारखेचं बिल त्याच्या वर जाऊन बसतं. उलट क्रमाने लिहिलं की यादी आपोआप काळानुसार लागते, वेगळी वही ठेवावी लागत नाही. बिलं आणि विम्याच्या पावत्यांना याहून सोपं काही नाही.

पण ट्रंकेतल्या निम्म्या कागदांवर तारीखच नव्हती. काकांच्या गाडीसोबतच्या एका फोटोच्या पाठीवर नुसतं 'गणपतीपुळे, मे'. काकू म्हणते, "तुझ्या बाबांचं लग्न व्हायचं होतं तेव्हा." मी अंदाजाने 1966 टाकलं. असा अंदाज एकदा नावात शिरला की पुढचा माणूस तो खराच धरतो. नंतर दुरुस्त केलात तरी ज्यांना फाइल पाठवली, त्यांच्याकडे जुनं नाव राहतंच.

गाडीच्या नावावर आणि गावावर विसंबावं तर तीही बदलतात. फियाट 1100 डिलाइटच्या वंशातली गाडी 1974 पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून विकली गेली, आपल्याकडे मात्र सगळ्या 'फियाट'च. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 साली, म्हणजे त्याआधी मालवण रत्नागिरीतच. आणि एमएच-08 सारखे नंबर 1989 नंतरचे.

दुसरी रीत, नंबर आधी: 'काका-0147_01'. कागदाच्या पाठीवर पेन्सिलीने 0147, पहिली बाजू 01, मागची 02. तारीख, गाडी, गाव सगळं एक्सेलच्या वहीत, सोबत 'खात्रीचं की अंदाज' असा एक रकाना. हा रकाना चुकवू नका. शून्यं आधीपासून भरा, नाहीतर काही प्रोग्राम 10 ला 2 च्या आधी लावतात. या रीतीचा तोटा उघड आहे: वही हरवली की नुसते आकडे उरतात. म्हणून मी शेवटी दोन शब्द जोडतो, 'काका-0147_01_फियाट-बिल', आणि वहीची छापील प्रत ट्रंकेतच ठेवतो.

लिपीचं म्हणाल तर देवनागरी वाचायला गोड, पण 'दुसऱ्या'तला ऱ संगणकात दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो. डोळ्यांना एकच दिसतो, शोधताना मात्र कधी सापडतो, कधी नाही. शिवाय लिनक्सवर नावाला 255 बाइट्सची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, 3 बाइट्स खातं. मी फाइलची नावं रोमनमध्ये ठेवतो (इथे वाचायला सोपी म्हणून देवनागरीत दिलीत) आणि वही मराठीत. तिरकी रेघ आणि विसर्गासारखे दोन टिंब विंडोज घेतच नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोच्या नावात तो पाठवल्याची तारीख असते, काढल्याची नाही. आल्या आल्या नाव बदला. पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे फोटो दाबून लहान होत नाही.

एकाच गॅरेजचं तारीखवार बिलबुक असेल आणि काम एकट्याचं असेल, तर तारीख आधी लावा, वहीचा खटाटोप नको. सरमिसळ ट्रंक असेल आणि मुंबईची भावंडंही हात लावणार असतील, तर नंबरच.

मी नंबरावर आलो तो त्या गणपतीपुळ्याच्या फोटोमुळे. आरसी बुक उलगडलं तेव्हा कळलं, गाडीची पहिली नोंदणीच 1969 ची. आता तो काका-0212 आहे. वहीत '1969 किंवा नंतर, अंदाज' असं लिहिलंय, आणि बाबांच्या लग्नाची पत्रिका शोधणं चालू आहे.