इंदूरहून घाटात भाड्याची गाडी: पावसाळा ते होळी, वापरानंतरचा अनुभव

आमच्याकडे स्वतःची गाडी नाही आणि इंदूर शहरात फिरायला ती लागतही नाही. पण आई-बाबांना मांडू, महेश्वर, पचमढी दाखवायचं तर बसची दगदग त्यांना झेपत नाही. ड्रायव्हरसकट टॅक्सी केली की त्याच्या घड्याळाप्रमाणे फिरावं लागतं. म्हणून गेल्या पावसाळ्यापासून होळीपर्यंत आम्ही सेल्फ-ड्राइव्ह गाड्याच घेतल्या, कधी ॲपवरून, कधी शहरातल्या लहान एजन्सीकडून. आता माझं मत पक्कं आहे: घाटात जायचं तर टायर, ब्रेक आणि नंबर प्लेट आधी बघा. मॉडेल आणि सनरूफ नंतर.

नंबर प्लेट अशासाठी की स्वतः चालवायला कायदेशीर भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 75 खाली 1989 ची योजना आहे, तिच्यात या गाड्या येतात. पांढऱ्या पाटीची घरगुती गाडी "थोडी स्वस्त पडेल, घेऊन जा" म्हणून देणारे भरपूर भेटतात. पण खासगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर धरलेला नसतो. घाटात काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल आणि खर्च चालवणाऱ्याच्या गळ्यात पडेल. म्हातारी माणसं सोबत असताना मी तरी तो धोका घेत नाही.

आता ब्रेक. मुंबईकडची मंडळी लोणावळ्यासारख्या ठिकाणी सहलीला निघाली की आधी घाट चढतात आणि उतार परतीच्या वाटेवर येतो. आपलं उलटं आहे. इंदूर माळव्याच्या पठारावर, साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि नर्मदा विंध्याच्या पायथ्याशी. महूवरून जाम घाटाने महेश्वरला निघालात की अहिल्याबाईंनी 1791 मध्ये बांधलेला जाम दरवाजा लागतो आणि तिथून रस्ता थेट खाली सुटतो. म्हणजे दोन तासांपूर्वी हातात आलेल्या, अजून अंदाज न आलेल्या गाडीच्या ब्रेकची परीक्षा सुरुवातीलाच! म्हणून मी शहरातच, रिकाम्या रस्त्यावर, दोन-तीनदा जोरात ब्रेक मारून बघतो. गाडी एका बाजूला ओढली किंवा पेडल खोल गेलं तर तिथल्या तिथे बदलून मागायची. उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर रोखायची. सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो, जळका वास येतो आणि मग पकड सुटते. समोरून कोणी चढून येत असेल तर थांबायचं आपण, कारण अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची असते.

याच घाटाखाली, मंडलेश्वरच्या अलीकडे, आमचं मागचं चाक बसलं. डिकीतली स्टेपनी काढली तर अंगठ्याने दाबली जात होती, इतकी हवा कमी. जॅक होता, पण तो फिरवायचा दांडा नव्हता. पाऊस भुरभुरत होता आणि आई आमच्यावर छत्री धरून उभी. एक पिकअपवाला थांबला, आपला जॅक-पाना काढला आणि स्टेपनी हातात घेऊन म्हणाला, "भैया, इसमें तो हवा ही नहीं है." पंक्चर झालेलं चाक आणि मला दोघांनाही त्याने पुढच्या गावातल्या दुकानावर नेलं, परत आणूनही सोडलं. पैसे घेईना. एजन्सीने मात्र फोनवर "पावती आणा, बघू" एवढंच सांगितलं. तेव्हापासून गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंच्या ओरखड्यांबरोबर स्टेपनी, जॅक, दांडा आणि पाना यांचाही व्हिडिओ काढतो, आणि पहिल्या पंपावर पाचही चाकांची हवा तपासतो.

ॲपवाल्या काही गाड्यांचे दरवाजे मोबाईलवरूनच उघडतात. शहरात झकास. पण मांडूच्या पलीकडे दरीकाठी रेंज गेली तर गाडी समोर आणि आपण बाहेर. किल्ली हातात मिळत असेल तरच अशी गाडी घ्या.

सीएनजी गाडी घाटासाठी मला पटली नाही. चढावर जोर कमी पडतो, डिकी सिलिंडरच खातो आणि आडरस्त्याला पंप शोधत बसावं लागतं. क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी एएमटी घेणार असाल तर हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी सोय, आहे का ते विचारा, नाहीतर चढावर थांबून निघताना ती मागे सरकते.

पचमढीचं गणित वेगळं. पिपरियापासून मटकुलीमार्गे वर जाणारा रस्ता चालवायला फार सुंदर, साल-सागाच्या सावलीतून. पण वर गेल्यावर धूपगढ वगैरे ठिकाणी तिथल्या नोंदणीकृत जिप्सीच नेतात. आपली गाडी हॉटेलच्या दारात उभी आणि भाडं चालूच. तिथे दोन रात्रींपेक्षा जास्त राहणार असाल तर पिपरियापर्यंत रेल्वेने गेलेलं बरं. मांडू-महेश्वरला मात्र गाडी हाताशी असण्यासारखं सुख नाही. बाबा सांगतील त्या बावडीपाशी थांबता येतं.

भाडं शनिवार-रविवारी बरंच चढतं, म्हणून आम्ही मंगळवार-बुधवार धरतो. किलोमीटरची मर्यादा आधीच बघा, घाटातली वळणं धरून अंतर नकाशावरच्या सरळ रेषेपेक्षा बरंच जास्त भरतं. डिपॉझिट परत यायला एकदा फार दिवस लागले, बाकी वेळी आलं. उन्हाळ्यात तोरणमाळला जायचं मनात आहे. ते महाराष्ट्रात, त्यामुळे परराज्याचा कर आणि परवाना भाड्यात धरलाय की नाही, हे मी बुकिंगआधी लेखी मागणार आहे.